गाळणी किती रुंद असावी ?

स्वयंपाकघरांत एकाच चाळणीनें भागत नाहीं. गहूं चाळावयाची निराळी, रवा चाळावयाची निराळी, आणि पीठ चाळावयाची त्याहून निराळी. जिची जाळी सर्वांत बारीक तीच चाळणी सर्वांत चांगली, असें कोणतीहि गृहिणी म्हणणार नाहीं. चाळणी कोणती घ्यावयाची हें तिच्या बारीकपणावरून ठरत नसून, काय ठेवावयाचें आणि काय टाकावयाचें यावरून ठरतें. हा साधा विवेक बिनतारी यंत्रापुढें बसलेल्या हौशी मनुष्याला मात्र पुष्कळदां सुचत नाहीं. त्याच्या ग्राहकयंत्रांतहि एक गाळणी असते. इंग्रजींत तिला फिल्टर म्हणतात. ही गाळणी जितकी अरुंद तितकें ऐकूं येणें स्वच्छ, अशी त्याची समजूत असते. एके काळीं ती बरोबर होती, आणि कांहीं कामांपुरती आजहि बरोबर आहे. परंतु संगणकाच्या साहाय्यानें चालणाऱ्या नव्या संदेशपद्धतींत तीच समजूत त्याला नुकसानींत घालते. आणि आपलें नुकसान झालें हें त्याला कळतहि नाहीं.

हौशी बिनतारीवाले म्हणजे धंद्यासाठीं नव्हे, तर केवळ आवड म्हणून, स्वतःच्या घरून परक्या देशांशीं बिनतारी संपर्क साधणारे लोक. भारतांत त्यांना सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि त्यांच्या ओळखचिन्हाचा आरंभ सामान्यतः व्ही-यू या अक्षरांनीं होतो. पूर्वीं हे लोक एक तर तोंडानें बोलत, नाहीं तर मोर्सच्या कडकट्टानें अक्षरें धाडीत. त्या दोन्ही रीती आजहि चालू आहेत. परंतु त्यांच्या जोडीला आतां डिजिटल पद्धति आल्या आहेत. त्यांत संगणक अक्षरांचे सूर बनवितो, प्रेषकयंत्र ते सूर आकाशांत सोडतें, आणि दूरच्या टोकाला ग्राहकयंत्रांतून निघालेला आवाज मनुष्याच्या कानांत न जातां दुसऱ्या संगणकांत जातो. तेथें त्या सुरांचीं पुन्हां अक्षरें होतात. ऐकणारा बदलला, ही या पद्धतींतील मुख्य गोष्ट होय. आणि गाळणीचा सारा प्रश्न तेथूनच निघतो.

प्रथम गाळणी करते काय, तें पाहूं. एका सेकंदास एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. मनुष्याच्या बोलण्यांतील समजण्यास आवश्यक तेवढे सूर सुमारें २४०० ते २७०० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यांत मावतात. म्हणून बोलणें ऐकण्याच्या गाळणीची रुंदी साधारण तितकी ठेवतात. मोर्सचा संकेत म्हणजे एकच सूर. त्याला तुटक केल्यामुळें थोडी रुंदी येते एवढेंच. तेव्हां त्याला ५०० हर्ट्झचा पट्टाहि पुरतो. आतां यंत्रांत जी सततची खरखर ऐकूं येते ती पुष्कळशी आकाशांतील विजांची, शहरांतील उपकरणांची, आणि थोडी यंत्राच्या स्वतःच्या अंगची असते. कोणत्याहि तापलेल्या वाहकांत, म्हणजे साध्या खोलींतल्या उष्णतेवर असलेल्या वाहकांतसुद्धां, अशी विजेची खळबळ चालूच असते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन्सन यांनीं ती मोजली, व नायक्विस्ट यांनीं तिचा नियम सांगितला. दोघांचे लेख १९२८ सालीं प्रसिद्ध झाले. त्या नियमाचें सार असें कीं, खरखरीची शक्ति पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणांत वाढते. २५०० हर्ट्झऐवजीं ५०० हर्ट्झचा पट्टा घेतला तर खरखर एकपंचमांश उरते. मोर्सचा सूर मात्र आहे तेवढाच राहतो. अरुंद गाळणीची प्रतिष्ठा या हिशेबावर उभी आहे. अमेरिकेंत जेम्स लॅम्ब यांनीं १९३२ सालीं स्फटिकाची गाळणी घातलेलें ग्राहकयंत्र हौशी लोकांपुढें मांडलें, तेव्हां गर्दींतून एकच मोर्स-केंद्र निवडून ऐकण्याचें सुख त्यांना लाभलें. आणि ‘अरुंद म्हणजे उत्तम’ हा धडा पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला.

मग गाळणी हवी तितकी अरुंद कां करूं नये ? याला निसर्गाचाच एक अडसर आहे. लांकडी फळीवर टोला मारला तर आवाज लगेच विरतो; देवळांतल्या घंटेवर मारला तर ती कितीतरी वेळ घुमत राहते. घंटा एकाच सुराशीं घट्ट बांधलेली असते, म्हणून ती घुमते. गाळणीचेंहि तसेंच आहे. ५० हर्ट्झ रुंदीच्या गाळणीला एखादा बदल अंगीं लावून घ्यावयास सेकंदाचा सुमारें पन्नासावा भाग लागतो. तितक्यांत संदेशाचें पुढचें चिन्ह येऊन ठेपलें तर मागल्याचा निनाद त्यावर पडतो, आणि दोन्हीं एकमेकांत मिसळतात. तेव्हां संकेत जितका जलद, तितकी गाळणी रुंद असलीच पाहिजे. शिवाय शेजारच्या विजेच्या बटणाची ठिणगी पडून जो क्षणभर ‘टक्‌’ होतो, तो रुंद गाळणींत क्षणांत संपतो. अरुंद गाळणींत तोच लांबतो आणि अधिक अक्षरें बिघडवितो.

हा अडसर ध्यानांत ठेवून प्रत्यक्ष पद्धतींकडे वळावें. त्यांतील सर्वांत जुनी म्हणजे बिनतारी टेलिप्रिंटरची. तींत दोन सूर आळीपाळीनें येतात; हौशी लोकांत त्या सुरांमध्यें १७० हर्ट्झचें अंतर ठेवण्याची चाल आहे. प्रत्येक चिन्ह सेकंदाच्या एक हजारांश भागांपैकीं सुमारें २२ भाग टिकतें. दोन्ही सूर व त्यांच्या कडा आंत याव्यात म्हणून गाळणी १७० हर्ट्झहून बरीच मोठी हवी. व्यवहारांत ती २५० ते ५०० हर्ट्झ ठेवतात. १०० हर्ट्झच्या गाळणींत दोहोंपैकीं एक सूर बाहेरच राहील, आणि कागदावर निव्वळ गोंधळ उमटेल. स्पर्धेच्या दिवशीं या पद्धतीचीं केंद्रें एकमेकांना खेटून बसतात, आणि त्यांपैकीं एकाच वेळीं एकाशींच काम असतें. म्हणून येथें बेताची अरुंद गाळणी उपयोगी पडते.

दुसरी पद्धत पीएसके ३१ या नांवाची. इंग्लंडमधील पीटर मार्टिनेझ यांनीं ती १९९८ सालीं हौशी लोकांना उपलब्ध करून दिली. तिचा संकेत अवघा सुमारें ६० हर्ट्झ रुंद असतो, आणि एका सेकंदांत ३१.२५ चिन्हें जातात. म्हणजे साधारण हातानें टंकलेखन करण्याच्या गतीला ती पुरते. बोलण्याच्या एका पट्ट्यांत अशीं अनेक संभाषणें शेजारीं शेजारीं चालूं शकतात. संगणकाच्या पडद्यावर तीं उभ्या रेघांसारखीं खालीं सरकत जातात. या चित्राला धबधबा असें सार्थ नांव पडलें आहे. कोणती रेघ वाचावयाची तें दाखविलें कीं संगणक तेवढीच वाचतो. म्हणजे त्या रेघेपुरती अरुंद गाळणी तो स्वतःच लावतो. मग यंत्राची गाळणी अरुंद करून मिळावयाचें तें काय ? शांत दिवशीं कांहींच नाहीं. उलट शेजारच्या रेघा दिसेनाशा होतात.

तिसरी पद्धत एफटी ८. आज हौशी जगांत हिचाच बोलबाला सर्वांत अधिक आहे. जोसेफ टेलर व स्टीव्हन फ्रँके यांनीं ती २०१७ सालीं प्रसिद्ध केली. हे टेलर म्हणजे एका मृत ताऱ्याचे नियमित बिनतारी ठोके ऐकून, त्याच्या जोडताऱ्याभोवतींच्या फेऱ्यांचा शोध लावल्याबद्दल रसेल हल्स यांच्यासह १९९३ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणारे ज्योतिर्विद्. दुर्बळ संकेत ऐकण्याची जी विद्या त्यांनीं आकाशासाठीं वापरली, तीच येथें हौशी लोकांच्या कामीं आली. या पद्धतींत वेळेचे १५ सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यांत १२.६४ सेकंद संदेश चालतो. त्याचे आठ सूर असतात, प्रत्येक दोन सुरांत ६.२५ हर्ट्झचें अंतर असतें, आणि सबंध संकेत अवघा ५० हर्ट्झ रुंद असतो. संदेश आंखूड, पण त्यांत चूक दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती गुंफलेली. त्यामुळें कांहीं सूर हरवले तरी संगणक मजकूर पुन्हां उभा करतो.

या पद्धतीनें ऐकणाऱ्याची मर्यादा सुमारें उणे २१ डेसिबेल सांगतात. तिचा अर्थ असा कीं, २५०० हर्ट्झच्या पट्ट्यांत जितकी खरखर मावते, तिच्या सुमारें सव्वाशेव्या हिश्शाइतका दुबळा संकेतहि वाचतां येतो. हें ऐकून प्रथम आश्चर्य वाटतें. जो आवाज खरखरीच्या सव्वाशेव्या हिश्शाइतका, तो कानाला कसा ऐकूं येणार ? कानाला तो येतच नाहीं. परंतु संगणक त्या २५०० हर्ट्झचे ६.२५ हर्ट्झ रुंदीचे बारीक कप्पे करून प्रत्येक कप्पा वेगळा तपासतो. असे कप्पे ४०० होतात. प्रत्येकाच्या वांट्याला खरखरीचा चारशेवा भाग येतो. संकेताचा सूर मात्र आपली सारी शक्ति घेऊन एकाच कप्प्यांत उभा असतो. तेव्हां त्या कप्प्यापुरतें पाहिलें तर तोच दुबळा संकेत खरखरीच्या तिपटीहून अधिक भरतो. खरखरींत बुडालेला वाटणारा मनुष्य आपल्या कप्प्यांत खरखरीच्या वर डोकें काढून उभाच होता; पाहणाऱ्याची नजर तेवढी बारीक हवी होती.

आतां मुख्य प्रश्नाचें उत्तर सोपें झालें. गाळण्याचें बारीक काम जर संगणकच करीत असेल, आणि तें सर्व कप्प्यांत एकाच वेळीं करीत असेल, तर त्याच्या आधीं ५०० हर्ट्झची गाळणी लावून त्या एका संकेताला यत्किंचितहि फायदा होत नाहीं. त्याच्या कप्प्यांतील खरखर पूर्वीं होती तेवढीच राहते. शहरांतल्या वस्तींत चार्जर, दिवे, उद्वाहक यांनीं जी खरखर वाढविलेली असते, तिलाहि हेंच लागू आहे. ती संकेताच्या कप्प्यांतहि शिरलेली असते, आणि दार अरुंद केल्यानें ती तेथून निघत नाहीं. फायदा नाहीं, नुकसान मात्र आहे. १४.०७४ मेगाहर्ट्झवर यंत्र लावलें म्हणजे त्याच्या वरच्या तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यांत गर्दीच्या वेळीं एकाच क्षणीं अनेक केंद्रें बोलत असतात. या पद्धतींत हांकेला उत्तर देणारा बहुधा हांक मारणाऱ्याच्या जागेवर येत नाहीं. पट्ट्यांत जेथें मोकळें दिसेल तेथून बोलतो. पुण्याच्या एखाद्या हौशी मनुष्यानें हांक मारून आपल्या सुराभोवतीं ५०० हर्ट्झची गाळणी आवळली, तर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाहून त्याला साद घालणारा दूरचा मनुष्य त्याच्या संगणकापर्यंत पोहोंचणारच नाहीं. तो पुन्हां हांक मारील, उत्तर येणार नाहीं, आणि ‘आज आकाश बरें नाहीं’ असें म्हणून यंत्र बंद करील. गाळणीनें अडविलेलें केंद्र आणि मुळांत नसलेलें केंद्र यांत पडद्यावर कांहींच फरक दिसत नाहीं.

याचें मोठ्या प्रमाणावरील उदाहरण २०१८ सालीं पाहावयास मिळालें. त्या वर्षीं जून व जुलै महिन्यांत हौशी लोकांची एक तुकडी प्रशांत महासागरांत विषुववृत्तालगत असलेल्या बेकर या निर्जन बेटावर गेली होती. अशा दुर्मिळ ठिकाणाहून चार दिवस केंद्र चाललें कीं साऱ्या जगाच्या हांका तिकडे लागतात. या गर्दीसाठीं एफटी ८ चा एक विशेष प्रकार तयार करण्यांत आला होता, व त्या मोहिमेनें तो वापरला. त्यांत बेटावरील केंद्र पट्ट्याच्या १००० हर्ट्झखालील भागांतून उत्तरें देतें, आणि जगांतील हौशी लोक १००० ते ४००० हर्ट्झ यांमध्यें कोठूनहि हांक मारतात. बेटावर बसलेल्यानें तेथें बोलण्याची नेहमींची गाळणी ठेवली तरी वरच्या टोकाचे लोक कापले जातील. मग अरुंद गाळणीची गोष्टच नको. एफटी ८ चालविणाऱ्या कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेंतहि, यंत्रांत निवड करतां येत असेल तर सर्वांत रुंद, सुमारें ५००० हर्ट्झपर्यंतची गाळणी घेणें हिताचें, असेंच सांगितलें आहे.

तर मग अरुंद गाळणी निरुपयोगी म्हणावयाची काय ? तसेंहि नाहीं. एक काम असें आहे कीं, तें संगणकाला करतां येत नाहीं. आणि तें म्हणजे प्रबळ शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवणें. ग्राहकयंत्रांत आवाजाचें स्वयंनियंत्रण असतें. मोठा आवाज आला कीं तें सबंध यंत्राची संवेदना आपोआप खालीं आणतें. पट्ट्यांत कोठेंहि एखादें अति प्रबळ केंद्र सुरू झालें तर त्याच्यासाठीं खालीं आणलेली संवेदना दुबळ्या केंद्रांनाहि सोसावी लागते. धबधब्याच्या चित्रांत सगळ्याच रेघा एकाएकीं फिक्या होतात, तें याचेंच लक्षण. तें प्रबळ केंद्र थांबत-सुरू होत राहिलें तर दुबळ्या संकेताचा जोर संदेशाच्या मध्येंच कमीजास्त होतो. आणि त्याला फारच खालीं ढकलला तर आवाजाचे आंकडे बनविणाऱ्या यंत्रणेच्या सूक्ष्म मापाहूनहि तो लहान होतो. जें आंकड्यांतच उतरलें नाहीं, तें कोणत्याहि गणितानें परत मिळत नाहीं. अशा वेळीं, शेजारी बाहेर राहील आणि हवें तें केंद्र आंत राहील, इतकी गाळणी अरुंद करणें हाच शहाणपणा. पीएसके ३१ वर किंवा टेलिप्रिंटरवर ठराविक एकाशींच बोलणें चाललें असतां हा उपाय निःशंक करावा.

मात्र यांतहि गाळणी कोठें बसविली आहे हें पाहिलें पाहिजे. कांहीं यंत्रांत खरी स्फटिकाची गाळणी अगदीं आरंभीं, मुख्य वर्धनाच्या आधीं असते. ती शेजाऱ्याला उंबरठ्यावरच अडवते. दुसऱ्या यंत्रांत बटण फिरवून जी गाळणी अरुंद होते ती केवळ गणिताची असते, आणि आंकडे बनून गेल्यानंतर काम करते. अशी गाळणी स्वयंनियंत्रणाला शांत करूं शकेल. परंतु आंकडे बनविणारी यंत्रणाच शेजाऱ्याच्या माऱ्यानें ओसंडून गेली असेल तर ती तिला वांचवूं शकत नाहीं. चोर आंत आल्यावर माजघराचें दार लावण्यासारखें तें होईल. तेथें संकेत-क्षीणक लावून येणारा सगळाच जोर कमी करणें, संवेदनेचें बटण हातानें उतरविणें, किंवा स्वयंनियंत्रण बंद ठेवणें हे उपाय अधिक खरे. संगणकाकडे जाणारा आवाजहि बेताचाच असावा. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणें, कोणतेंहि केंद्र नसून केवळ पार्श्वभूमीची खरखर असतांना पडद्यावरील मापकाचा कांटा सुमारें ३० डेसिबेलवर असावा; म्हणजे खालीं दुबळ्यांना आणि वर प्रबळांना पुरेशी जागा राहते.

यावरून जो नियम निघतो तो असा. गाळणीची रुंदी एका संकेताच्या रुंदीवरून ठरवूं नये. जेवढें म्हणून ऐकण्याची इच्छा आहे, त्या सर्वाच्या विस्तारावरून ठरवावी. टेलिप्रिंटरवर एकाच केंद्राशीं काम असतें, म्हणून २५० ते ५०० हर्ट्झ योग्य. पीएसके ३१ वर आधीं सारा पट्टा उघडा ठेवून पाहावें, आणि शेजारी त्रास देऊं लागला तरच आवळावें. एफटी ८ वर कोण कोठून हांक मारील याचा नेम नाहीं, म्हणून यंत्र देईल तितकी रुंद गाळणी ठेवावी. उलट टेलर यांनींच २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या डब्ल्यूएसपीआर या पद्धतींत, प्रत्येकी सुमारें ६ हर्ट्झ रुंदीचे सगळे संकेत मिळून अवघ्या २०० हर्ट्झच्या पट्ट्यांत असतात. तेथें त्या २०० हर्ट्झच्या मध्यावर बसविलेली ५०० हर्ट्झची गाळणी मुळींच वावगी नव्हे. कारण त्यापलीकडे ऐकण्यासारखें त्या पद्धतींत कांहीं नाहींच.

ज्याला हें केवळ शब्दांवर मानवत नसेल त्यानें एका सायंकाळीं स्वतः पारख करावी. एफटी ८ चे एका मिनिटांत चार तुकडे येतात. दोन मिनिटें गाळणी अरुंद ठेवावी, दोन मिनिटें रुंद. आणि आकाश मधल्या मधें बदललें अशी शंका राहूं नये म्हणून ही अदलाबदल पांचसहा वेळां करावी. दर वेळीं वाचलीं गेलेलीं केंद्रें मोजून त्यांचीं ओळखचिन्हें कागदावर लिहून काढावींत. रुंद गाळणीच्या रकान्यांत जीं नांवें अधिक दिसतील, तीं इतके दिवस त्याच्या दाराशीं येऊन परत गेलेल्यांचीं आहेत. आणि एखादे सायंकाळीं याच्या उलट दिसलें, तर त्यानें तो प्रबळ शेजारी कोठें बसला आहे त्याचा शोध घ्यावा.